अडतिसाव्या वर्षी कळरी सुरू करावी का, आणि मर्मचिकित्सेच्या प्रमाणपत्राचं काय?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वय ३८, नाशिकला दिवसभर खुर्चीतलं काम, शाळेत असताना तीन वर्षं कराटे. कळरिपयट्टू, म्हणजे केरळची पारंपरिक युद्धकला (थोडक्यात कळरी; तिच्या आखाड्यालाही कळरीच म्हणतात), शिकायची ओढ आहे, पण उशीर झाला असं वाटतं. केरळात पंधरा दिवसांचा निवासी ‘मर्मचिकित्सा’ (शरीरातल्या मर्मांवर, म्हणजे नाजूक जागांवर, हाताने करायचे उपचार) अभ्यासक्रम सापडला आहे, शेवटी प्रमाणपत्र मिळतं, आणि ते घेऊन नाशिकला छोटं उपचार केंद्र काढावं असा विचार आहे. आधी लढायची विद्या शिकावी की उपचाराची, असं तुम्ही विचारलंय. आणि अगदी शेवटी एक ओळ आहे, आईचे गुडघे दुखतात म्हणून.

हे तीन-चार प्रश्न दिसत असले तरी माझ्या मते खरा प्रश्न एकच आहे: दुसऱ्याच्या दुखऱ्या अंगाला हात लावायला माणूस केव्हा लायक होतो? बाकीची उत्तरं त्याच्यामागून येतात. वयाचं उत्तर सोपं आहे, ते आधी देते. प्रमाणपत्राबद्दल जे लिहीन ते कदाचित आवडणार नाही. आईबद्दल शेवटी लिहिते.

मी कुठून बोलतेय ते सांगायला हवं. मी मिरजेची. आजोबा तालमीतले, पण मुलींना तालमीच्या उंबऱ्याच्या आत जागा नव्हती. मी बाहेरच्या कट्ट्यावर बसून जोर-बैठका मोजायचे. पुढे बँकेत अधिकारी म्हणून लागले आणि १९८७ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, कोळिकोड जिल्ह्यातल्या वडकऱ्याला नेमणूक झाली. हा जुना कडत्तनाड मुलूख. ज्यांच्या लढाया तिथल्या ‘वडक्कन पाट्टुकळ’ या लोकगीतांत गातात, ते तच्चोळी ओतेनन आणि उण्णियार्चा याच भागातले. घरमालकीणबाईंची नात पहाटे पाचला कळरीत जायची. एकदा तिच्यासोबत गेले ती सहा वर्षं जात राहिले. बदली झाल्यावरही बरीच वर्षं पावसाळ्यात रजा काढून जायचे. १९९६ पासून मिरजेत शिकवते. माझी परंपरा उत्तरेकडची, म्हणजे वडक्कन. दक्षिण केरळ आणि कन्याकुमारीकडे अगस्त्यांना आद्यगुरू मानणारी वेगळी परंपरा आहे, तिची मर्मांची गणनाही वेगळी आहे. तिच्याबद्दल मी अधिकाराने काही सांगू शकत नाही.

आता वय. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला मलबारात राहिलेल्या दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीजाने लिहून ठेवलंय की नायरांची, म्हणजे तिथल्या लढवय्या समाजाची, मुलं सातव्या वर्षी शिकायला बसतात. वडकऱ्याच्याच कळरी शिकवणाऱ्या मीनाक्षी अम्मांनी सातव्या वर्षी सुरुवात केली आणि सत्तरी ओलांडल्यावरही तलवार हातात घेऊन शिकवत राहिल्या. त्यांना २०१७ मध्ये पद्मश्री मिळाली. तेव्हा सात हे उत्तम वय, यात वाद नाही. पण मी पंचविसाव्या वर्षी सुरू केलं, आणि माझ्याकडे वयाच्या ५४व्या वर्षी आलेल्या एक शिक्षिका आज नऊ वर्षं येतायत. अडतिसाव्या वर्षी उंच उड्या आणि हवेतल्या गिरक्या यांचा नाद सोडावा लागतो, खोल बैठकीला दोन महिन्यांच्या जागी वर्ष लागतं, आणि विश्रांती चुकवली तर शरीर लगेच कळवतं. एवढाच फरक. रक्तदाब, साखर, हृदय एकदा तपासून घ्या, आणि गुडघ्यात किंवा कमरेत जुनं दुखणं असेल तर पहिल्या दिवशी सांगा. उशीर झालेला नाही.

कळरीत पहिलं वर्ष कसं जातं हे जरा सविस्तर लिहिते, कारण उपचाराचा धागा तिथेच सुरू होतो.

जुन्या पद्धतीची कळरी म्हणजे जमिनीत खणलेला आखाडा. पूर्व-पश्चिम ४२ फूट, दक्षिणोत्तर २१ फूट, दार पूर्वेला, आणि नैर्ऋत्य कोपऱ्यात सात पायऱ्यांची पूत्तरा, म्हणजे देवतेचं स्थान. उजवा पाय आधी आत टाकायचा, हाताने माती स्पर्शून कपाळाला लावायची, पूत्तरेला आणि गुरुक्कळांना, म्हणजे कळरीच्या गुरूंना, वंदन करायचं. अंगाला तीळतेल लावलेलं असतं. मग त्या ४२ फुटांत लाथा. लाथा म्हटलं की मारामारी डोळ्यांपुढे येते, पण इथे समोर कोणी नसतं. हात डोक्यावर उंच धरायचा, पाय सरळ ठेवून तळहातापर्यंत न्यायचा, पाऊल खाली ठेवायचं, पुढचा पाय. याला नेरकाल म्हणतात. टोकाला पोचलात की वळायचं आणि परत. गुरुक्कळ लयीत आज्ञा देत असतात, तिला वायत्तारी म्हणतात. ती कानावर पडली की शरीराने विचार न करता उत्तर द्यायचं असतं.

लाथांनंतर मेय्पयट्टू, म्हणजे शरीराच्या सलग हालचालींचे क्रम. त्यात हत्ती, सिंह, घोडा, रानडुक्कर, साप, मोर, कोंबडा, मांजर अशा प्राण्यांच्या ठेवणी येतात. हे सगळं मेय्तारी या पहिल्या टप्प्यात. त्यानंतर कोल्तारी, लाकडाची शस्त्रं: माणसाच्या उंचीहून लांब काठी, मग मुच्चाण. मुच्चाण म्हणजे तीन विती, नावातच माप आहे. मग ओट्टा, हत्तीच्या सुळ्यासारखं वाकडं लाकूड, टोकाला गोल गाठ. त्यानंतर अंकत्तारी, म्हणजे धातूची शस्त्रं: कट्यार, ढाल-तलवार, भाला, आणि लवचिक पात्याची उरुमी. सगळ्यात शेवटी वेरुंकै, म्हणजे रिकामे हात. लोकांना हा क्रम उलटा वाटतो. सिनेमात नायक आधी मोकळ्या हाताने लढतो. कळरीत मोकळा हात सगळ्यात उशिरा, कारण तोवर समोरच्याच्या शरीरात कुठे काय आहे ते हाताला कळलेलं असायला हवं. ओट्ट्याची गोल गाठ मर्मांच्या दिशेने जाते, त्यामुळे मर्मांची पहिली ओळख पुस्तकात न होता तिथे होते. माझ्या बाबतीत ती चौथ्या वर्षी झाली.

पहिल्या आठ महिन्यांत गुरुक्कळांनी माझी एकच गोष्ट दुरुस्त केली. उभ्या पायाची टाच. लाथ मारताना माझी टाच किंचित उचलली जायची. ते रोज एक शब्द बोलायचे, टाच. मला राग यायचा, बाकीच्यांना काठी मिळाली होती. एका सकाळी ते पूत्तरेजवळ बसून तलवारीला तेल लावत होते, नजर पात्यावर. एक मुलगा लाथा मारत त्यांच्या मागून गेला. ते मान न वळवता म्हणाले, आज तुझी डावी टाच उशिरा पडतेय. मुलगा आदल्या संध्याकाळी फुटबॉल खेळताना पाय मुरगळून आला होता आणि सराव चुकू नये म्हणून लपवत होता. गुरुक्कळांनी त्याला बाजूला बसवलं, घोटा दाबून पाहिला, कोमट तेल लावलं आणि आठवडाभर घरी बसायला सांगितलं.

त्या दिवशी मला माझ्या आठ महिन्यांचा अर्थ लागला. रोज शंभर पावलं ऐकली म्हणून त्यांना एकशे एकावं पाऊल चुकलेलं कळलं. मलयाळममध्ये म्हण आहे, मेय्य् कण्णावुक, शरीराचे डोळे व्हावेत. मी इतकी वर्षं ती लढणाऱ्याच्या सावधपणाबद्दल समजत होते. ती उपचार करणाऱ्यालाही तितकीच लागू आहे. निरोगी अंग कसं हलतं हे ज्याने हजारो वेळा पाहिलंय, त्यालाच दुखरं अंग कुठे चोरतं ते दिसतं. म्हणून ‘आधी लढाई की आधी उपचार’ याचं माझं उत्तर: हे दोन विषय नाहीत. उपचार हा कळरीच्या सरावातूनच उगवतो, वेगळा कापून आणला तर मूळ तिकडेच राहतं.

आता तेलाबद्दल, म्हणजे उळिच्चिलबद्दल. कर्किडकम महिना, साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, बाहेर धो-धो पाऊस आणि आत विद्यार्थ्यांना मालीश. याचे तीन प्रकार मानतात. सुख तिरुम्म, म्हणजे अंग मोकळं करण्यासाठी. कच्च तिरुम्म, सराव करणाऱ्याचं शरीर लवचिक व्हावं म्हणून. आणि रक्षा तिरुम्म, दुखण्यावर. पहिल्या दोनांत शरीर धडधाकट असतं, तिसऱ्यात नसतं. या तिन्हींत फार मोठं अंतर आहे आणि जाहिरातींत तिन्ही एकाच नावाने खपतात.

कच्च तिरुम्म बहुधा पायाने करतात, त्याला चवुट्टी उळिच्चिल म्हणतात. वर बांधलेला दोर धरून मालीश करणारा तोल सांभाळतो आणि पायाचा तळवा हाताच्या बोटांपासून पायाच्या बोटांपर्यंत लांब ओढीने सरकवतो. सात दिवस किंवा चौदा दिवस. नंतर जितके दिवस तेल, तितकेच दिवस पथ्य: जागरण नाही, दिवसा झोप नाही, जड काम नाही, गार वारा नाही. आमच्याकडे बायकांचं उळिच्चिल गुरुक्कळांच्या पत्नी करायच्या, आम्ही त्यांना अम्मा म्हणायचो.

मला त्यांनी पहिले दोन पावसाळे फक्त तेल कोमट करायला बसवलं. तिसऱ्या पावसाळ्यात त्यांनी आपला तळहात जमिनीवर ठेवला, त्यावर माझं पाऊल ठेवायला सांगितलं आणि म्हणाल्या, एका नारळाएवढं वजन दे. दिलं. आता अर्ध्या नारळाएवढं. आता सोलल्यावर उरतं तेवढं. मी चुकले की त्या बोटं हलवायच्या. हा खेळ महिनाभर चालला. त्यानंतर मला एका जुन्या विद्यार्थिनीच्या पोटऱ्या मिळाल्या, तेही अम्मा शेजारी बसून पाहणार असतील तर. दुसऱ्याच्या दुखण्यावर, म्हणजे रक्षा तिरुम्मात, मला हात लावू दिला तो सहाव्या वर्षी, आणि तेव्हाही काय करायचं हे त्यांनी ठरवलेलं असायचं. अम्मांच्या तळहातावरचा तो महिना मला पंधरा दिवसांच्या कुठल्याही अभ्यासक्रमात बसवता येत नाही. तुमच्या प्रमाणपत्राबद्दल माझी पहिली अडचण ही आहे.

दुसरी अडचण मर्म या शब्दाची. हल्ली मर्म म्हणजे दाबलं की आराम देणारा बिंदू असं सांगतात आणि तसे तक्ते विकतात. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातला सहावा अध्याय वाचा, मराठी भाषांतरं मिळतात. तिथे १०७ मर्मं आहेत: हातापायांत ४४, पोट आणि छातीत १२, पाठीत १४, मानेपासून वर ३७. पण सुश्रुत ती कशासाठी मोजतात? शस्त्र लागलं तर काय होईल हे सांगायला. १९ ठिकाणी घाव बसला तर लगेच मृत्यू, ३३ ठिकाणी काही काळाने, ३ ठिकाणी घुसलेलं शस्त्र उपसलं की मृत्यू, ४४ ठिकाणी कायमचं व्यंग, ८ ठिकाणी तीव्र वेदना. ही आधी शल्यचिकित्सकाला दिलेली इशाऱ्यांची यादी आहे. कुठे जपायचं त्याचा नकाशा. जो योद्ध्याला कुठे मारावं ते सांगतो तोच वैद्याला कुठे सांभाळावं तेही सांगतो, आणि दोघांसाठी पहिली शिकवण ‘हात आखडता घे’ हीच असते.

हे मी वाचलं होतं, पाठ होतं, तरी चूक केली. ती लिहिते.

१९९९ मध्ये माझ्याकडे येणारा एक चौदा वर्षांचा मुलगा सायकलवरून पडला. कोपराला मार. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, तीन आठवड्यांनी काढलं. हात पूर्ण सरळ होत नव्हता. आईवडील काळजीत, परीक्षा तोंडावर, मुलगा उजव्या हाताचा. मला म्हणाले, तुमच्या तेलाने मोकळा करून द्या. मला वाटलं, हे तर माझंच काम. रोज कोमट तेल, रोज चोळणं, आणि शेवटी हात धरून थोडा थोडा सरळ ओढणं. मुलगा ओठ चावून सहन करायचा आणि मी त्याला धीर द्यायचे. बारा दिवसांनी हात पहिल्यापेक्षा कमी सरळ व्हायला लागला. कोपराच्या वर, पुढच्या बाजूला, स्नायूत काहीतरी टणक लागत होतं. तेव्हा घाबरून मिरजेतल्या एका अस्थिरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेले. एक्स-रेत स्नायूच्या आत हाड धरायला लागलेलं दिसलं. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं की मार लागलेलं कोपर चोळलं आणि जोर लावून ओढलं की हे होतं, मुलांमध्ये विशेष, आणि आपल्याकडे मालीश करून आलेली अशी कोपरं त्यांनी खूप पाहिली आहेत. सगळं थांबवायला सांगितलं. हात शेकडा नव्वद सुधारला, पण वर्ष गेलं, आणि तो पूर्ण सरळ आजही होत नाही. त्या कुटुंबाने मला दोष दिला नाही. मी तो घेतला आहे.

त्या रात्री गुरुक्कळांना फोन केला. त्यांनी रागावण्याऐवजी तीन गोष्टी विचारल्या. मार लागून किती दिवस झाले होते? हात लावण्याआधी दोन्ही कोपरांची ऊब तुलना करून पाहिलीस का? ओढताना मुलगा श्वास धरत होता का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. कोपर गरम होतं, म्हणजे आत दाह चालू होता, आणि मी तेल कोमट आहे म्हणून गरम लागतंय असं धरून चालले होते. मग ते एवढंच म्हणाले, कूर्परम. सुश्रुतांच्या यादीत कोपर, कूर्पर, हे व्यंग आणणाऱ्या ४४ मर्मांतलं एक आहे. मला ते माहीत होतं. माझ्या हाताला माहीत नव्हतं.

त्यानंतर मी काही गोष्टी ठरवून घेतल्या आणि पुढच्या सगळ्या विद्यार्थ्यांना त्याच शिकवते. ताजा मार, सूज, ऊब असेल तर चोळणं नाही. कोपर तर कधीच नाही. एकच पोटरी सुजली, गरम झाली, दुखते आहे, त्यात माणूस नुकता लांबचा प्रवास करून आलाय किंवा शस्त्रक्रियेनंतर बरेच दिवस पडून होता, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ती चोळली तर सुटून फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून थेट रुग्णालय. कंबरदुखीबरोबर पायातली ताकद जात असेल, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल तर एक तासही दवडायचा नाही. मधुमेहाने पाय बधिर झालेल्या माणसाला तेल किती गरम आहे ते कळत नाही, तेव्हा आपल्या मनगटावर पाहिल्याशिवाय लावायचं नाही. आणि कारण न समजता वजन घटतंय, रात्री दुखणं वाढतंय, ताप येतोय, अशा पाठदुखीला तेलाच्या वाटीजवळही येऊ द्यायचं नाही. माझ्याकडे येणाऱ्या दर दहा जणांतल्या तीन-चार जणांना मी आधी डॉक्टरांकडे पाठवते. मिरजेत रुग्णालयं दोन पावलांवर आहेत हे माझं नशीब. नाशिकलाही चांगले अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट आहेत, त्यांच्यापैकी एकाशी ओळख ठेवणं ही तुमच्या वाटेवरची फार मोठी पायरी ठरेल.

प्रमाणपत्राची तिसरी बाजू कायद्याची. केरळातल्या पारंपरिक वैद्यांचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०१८ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं की मान्यताप्राप्त पात्रता आणि नोंदणी नसताना वैद्यकी करता येणार नाही. पिढ्यानपिढ्या काम करणाऱ्या घराण्यांनाही हे लागू झालं. यात काही खरे जाणकार भरडले गेले आणि त्याचं मला वाईट वाटतं. पण ज्या वर्षी मी ते कोपर बिघडवलं, त्या वर्षी मला अडवणारं कोणीतरी असायला हवं होतं, हेही मी विसरू शकत नाही. तेव्हा पंधरा दिवसांचा कागद भिंतीवर लावून ‘गुडघेदुखी, मणक्याचे विकार, सायटिका’ असा फलक लावणं हे बेकायदा तर आहेच, पण त्याआधी ते धोक्याचं आहे. रोगावर उपचार करायचेच असतील तर आयुर्वेदाची पदवी आहे, इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांची, किंवा फिजिओथेरपीची, तीही चार-पाच वर्षांची. माझ्या दोन विद्यार्थिनींनी हा लांबचा रस्ता धरला, एक वैद्य झाली, एक फिजिओथेरपिस्ट. दोघी आजही पहाटे लाथा मारायला येतात, आणि अवघड माणूस आला की मी त्यांना विचारते.

मग तो अभ्यासक्रम करूच नये का? हे तुम्ही तिथून काय आणायला जाता त्यावर आहे. स्वतःच्या शरीरावर चौदा दिवस तेल घेण्याचा अनुभव, अस्सल कळरी जवळून पाहणं, एखादा गुरू गाठ पडणं, यासाठी जा. बोलणी करताना मात्र काही गोष्टी विचारा. शिकवणारे स्वतः किती वर्षं कोणाकडे शिकले? ते रोज कळरी चालवतात की फक्त पर्यटकांच्या मोसमात? तुमच्या तब्येतीची चौकशी त्यांनी आपणहून केली का? कोणत्या दुखण्याला ते हात लावत नाहीत? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पटकन आणि लांबलचक आलं तर माणूस जाणता. ‘आमच्याकडे सगळ्यावर उपाय आहे’ असं उत्तर आलं तर पैसे वाचवा.

मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. पहिलं वर्ष फक्त शरीर. कळरी शिकवणारं कोणी जवळपास असेल तर उत्तम. नसेल तर तालीम, मल्लखांब, योगाचा चांगला वर्ग, काहीही चालेल, जिथे कोणीतरी रोज तुमची टाच पाहील असं. खोल बैठक, खुब्याचा मोकळेपणा, एका पायावरचा तोल एवढं आलं की केरळात गेल्यावर पहिले दोन महिने वाया जात नाहीत. मग पावसाळ्यात, कर्किडकमात, पंधरा-वीस दिवसांची रजा काढून जा. एका वर्षी जाऊन थांबू नका. त्याच गुरूकडे, त्याच महिन्यात, दर वर्षी. मी बदलीनंतर अशीच शिकले. नोकरी सोडायची काही गरज नाही. उलट, पोट विद्येवर अवलंबून नसलं की आलेल्या माणसाला ‘हे माझ्या हातचं नाही’ असं सांगणं सोपं जातं, आणि मी इतकी वर्षं बँकेतली नोकरी धरून ठेवली त्याचं हे एक मोठं कारण होतं. मालीश करायची इच्छा असेल तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी, गुरूच्या नजरेखाली, सहविद्यार्थ्यांच्या धडधाकट पायांवर. केंद्राचा विचार त्यानंतर, आणि तेव्हाही सराव शिकवण्याचं केंद्र, उपचारांचं नव्हे. तुम्ही लहान मुलांत रमणारे आहात का, संध्याकाळी घरी किती वाजता पोचता, घरचे सोबत आहेत का, हे मला माहीत नाही, आणि यावर बरंच अवलंबून आहे. पण वयावर जवळजवळ काहीच नाही.

थोडक्यात इथवरचं: उशीर झालेला नाही, सराव आणि उपचार वेगळे काढता येत नाहीत, आणि प्रमाणपत्राने दुसऱ्याच्या दुखण्याला हात लावायची लायकी येत नाही.

आता आईचे गुडघे. तुम्ही वय लिहिलेलं नाही, बहुधा साठीच्या पुढे असतील. आधी एकदा अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, नुसती झीज आहे की आणखी काही ते कळू दे. गुडघा, जानु, हेही त्याच ४४ मर्मांतलं, त्यामुळे वाटीवर जोर द्यायचा नाही आणि मागच्या खळग्यात अंगठा खुपसायचा नाही. गुडघा लाल, गरम किंवा टम्म फुगलेला असेल त्या दिवशी तेल नाहीच. एरवी आपलं साधं तीळतेल पुरे. मुरिवेण्णा आणावं का असं विचाराल तर माझ्याकडे ते नेहमी असतं. खोबरेल तेलात करंज, शेवगा, विड्याचं पान, कोरफड वगैरे घालून सिद्ध केलेलं असतं आणि मुक्या मारावर मला त्याचा अनुभव चांगला आहे. पण जुन्या झिजेसाठी मुद्दाम मागवायची गरज नाही.

आईला खुर्चीत बसवा, पाय समोरच्या स्टुलावर, गुडघ्याखाली घडी केलेला टॉवेल. दोन्ही गुडघ्यांना एकेक हात ठेवा आणि ऊब तुलना करा, रोज, तेल लावण्याआधी. मग मांडीच्या मध्यापासून गुडघ्यापर्यंत आणि गुडघ्यापासून पोटरीच्या मध्यापर्यंत सावकाश हात फिरवा, अर्ध्या नारळाएवढं वजन देऊन. एका पायाला सहा-सात मिनिटं. त्यांचा श्वास अडकला की वजन कमी करा. तेल पुसून झालं की तिथेच बसल्या बसल्या पाय सरळ करून मांडीचा स्नायू पाच मोजेपर्यंत आवळायला आणि सोडायला सांगा, दहा वेळा. गुडघ्याला खरा आधार याने मिळतो, तेलाने हात फिरवून घ्यायला बरं वाटतं एवढंच. तीन महिने हे करा आणि रोज वहीत लिहा: ऊब कशी होती, जिना चढताना कुठला पाय आधी टाकला, रात्री जाग आली का. केरळात जायचं ठरलं तर ती वही बरोबर न्या आणि गुरुक्कळांना दाखवा.